काठमांडू ते ल्हासा : दीड तास आणि दहा महिने

नकाशावर पट्टी ठेवली तर दोन शहरांमध्ये अंतर जेमतेम सहाशे किलोमीटर. विमानाला लागतो दीड तास. पण मध्ये उभा आहे हिमालय, आणि त्याने या दीड तासाचा हिशेब पार बिघडवून टाकला आहे.

एक कोडे सोडवून पाहा. ल्हासाहून सकाळी अकरा वाजता विमान निघाले. प्रवास दीड तासाचा. ते काठमांडूला किती वाजता पोहोचेल? चौथीतले मूलही सांगेल, साडेबारा वाजता. पण काठमांडूच्या विमानतळावर उतरून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे तर तिथे वाजलेले असतात सव्वादहा! म्हणजे निघाल्यापेक्षा पाऊण तास आधीच प्रवासी पोहोचलेले असतात. उलट दिशेने गेले तर गंमत उलटी. काठमांडूहून अकराला निघालेला माणूस ल्हासाला उतरतो, तेव्हा तिथल्या घड्याळात पावणेतीन वाजलेले असतात. दीड तासाच्या प्रवासात पावणेचार तास गेले, असे वाटते.

यात जादू काही नाही. सगळा खेळ घड्याळांचा आहे. चीन हा अवाढव्य देश, पण १९४९ पासून त्याने संपूर्ण देशाला बीजिंगची एकच वेळ लावली आहे. ल्हासा बीजिंगपासून कितीतरी पश्चिमेला असले तरी तिथली घड्याळे बीजिंगच्या तालावर चालतात. नेपाळचे घड्याळ मात्र भारताच्याही पंधरा मिनिटे पुढे आहे. १९८६ पूर्वी नेपाळ भारताचीच वेळ पाळत असे. त्या वर्षी त्याने गौरीशंकर शिखरावरून जाणारे रेखावृत्त धरून आपली वेगळी वेळ ठरवली. त्यामुळे काठमांडू आणि ल्हासा यांच्या घड्याळांत सव्वादोन तासांचा फरक पडतो.

सूर्याला विचारले तर तो काय सांगेल? दोन्ही शहरांच्या रेखांशांत फरक आहे पावणेसहा अंशांचा. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर ल्हासाचा सूर्य काठमांडूच्या सूर्यापेक्षा फक्त तेवीस मिनिटे आधी डोक्यावर येतो. बाकीचे जवळजवळ दोन तास माणसांनी कागदावर निर्माण केले आहेत. म्हणूनच ल्हासात सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात दोन वाजायला आलेले असतात. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड रेंगाळतो आणि डिसेंबरात सकाळी पावणेनऊ वाजेपर्यंत सूर्याचे दर्शन होत नाही.

सहाशे किलोमीटरला दीड तास का?

मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या विमानालाही साधारण दीड तासच लागतो, आणि ते अंतर हवाई मार्गाने काठमांडू-ल्हासापेक्षा ऐंशी-नव्वद किलोमीटरने जास्तच आहे. जेट विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटर धरला तर सहाशे किलोमीटरला पाऊण तास पुरायला हवा. मग उरलेला वेळ जातो कुठे?

काठमांडू ही डोंगरांच्या वाटीत वसलेली दरी आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून १,३३८ मीटर उंचीवर आहे. एकेकाळी तिथे गुरे चरत, म्हणून त्या जागेला गौचर म्हणत. पुढे राजे त्रिभुवन यांच्या स्मरणार्थ विमानतळाला त्यांचे नाव दिले गेले. इथून उडालेल्या विमानाला आधी या वाटीतून वर यावे लागते आणि मग हिमालयाच्या भिंतीला ओलांडण्याइतकी उंची गाठावी लागते. पुढचा मार्गही सरळ रेषेचा नसतो. आंतरराष्ट्रीय सीमा कुठे ओलांडायची, हे ठरलेले असते. आणि पलीकडे ल्हासाचा गोंगर विमानतळ एका नदीच्या खोऱ्यात आहे. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, मध्ये नदी आणि नदीकाठी धावपट्टी. त्या खोऱ्यात शिरून हळूहळू खाली यायचे म्हणजे घाई करून चालत नाही.

ही नदी आपल्या ओळखीची आहे. तिबेटी लोक तिला यारलुंग त्सांगपो म्हणतात. पुढे पूर्वेला मोठा वळसा घेऊन ती अरुणाचलात उतरते, तेव्हा आपण तिला सियांग म्हणतो आणि आसामात ब्रह्मपुत्र!

गोंगर विमानतळाची उंची आहे सुमारे ३,५७० मीटर. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो, पंखांनाही कमी आधार मिळतो. त्यामुळे जमिनीवरून उठायला विमानाला जास्त वेगाने आणि जास्त लांब धावावे लागते. म्हणूनच इथली मुख्य धावपट्टी चार किलोमीटर लांब आहे. दुपारनंतर या खोऱ्यांतून जोराचे वारे सुटतात. त्यामुळे वैमानिकांना सकाळची वेळ अधिक पसंत असते.

आणखी एक अडचण प्रवाशांच्या सहसा लक्षात येत नाही. वाटेत विमानातील हवेचा दाब एकाएकी कमी झाला, तर वैमानिक विमान झटकन तीन हजार मीटरपर्यंत खाली आणतो, म्हणजे प्रवाशांना नेहमीसारखा श्वास घेता येतो. पण तिबेटवरून जाताना खाली आणणार कुठे? तिथे जमीनच चार-साडेचार हजार मीटरवर आहे! म्हणून या मार्गावरच्या विमानांत नेहमीपेक्षा अधिक वेळ पुरेल इतका प्राणवायू ठेवावा लागतो, आणि संकट आले तर कोणत्या वाटेने बाहेर पडायचे, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या दोन शहरांमध्ये नियमित विमानसेवा सुरू झाली. तिला इतका उशीर का लागला, याचे अर्धे उत्तर राजकारणात सापडेल आणि अर्धे या विरळ हवेत.

खिडकीपाशी

या दीड तासातला मधला अर्धा तास मात्र असा आहे, की त्यासाठी लोक जन्मभराची हौस राखून ठेवतात. काठमांडूहून निघताना साधारणपणे डावीकडची खिडकी मागून घ्यावी आणि परतताना उजवीकडची, असे जाणकार सांगतात. हवा स्वच्छ असेल तर आधी दिसतात नेपाळच्या हिरव्या डोंगरउतारावरची पायऱ्यापायऱ्यांची शेते. मग हिरवा रंग विरत जातो, करडे कडे येतात आणि त्यामागून एकदम बर्फाची रांग उभी राहते. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. जगातल्या पहिल्या पाच उंच शिखरांपैकी तीन एकाच खिडकीच्या चौकटीत! एव्हरेस्टची उंची नेपाळ आणि चीनने मिळून डिसेंबर २०२० मध्ये नव्याने जाहीर केली, ८,८४८.८६ मीटर. विमान तेव्हा दहा-अकरा किलोमीटर उंचीवर असते. म्हणजे शिखर आपल्या पायाखाली खोल कुठे तरी नसून जवळजवळ समोरच असल्यासारखे भासते.

आणि मग एका क्षणात दृश्य पालटते. शिखरांच्या दक्षिणेला ढग, जंगल, पाणी. उत्तरेला तपकिरी, कोरडे, मैलोन्‌मैल पसरलेले पठार. पावसाळी ढगांना हिमालय अडवतो असे आपण शाळेत भूगोलाच्या तासाला घोकलेले असते. इथे ते वाक्य डोळ्यांना दिसते. अलीकडे भात पिकतो, पलीकडे सातू. अलीकडे कौलारू घरे, पलीकडे मातीच्या सपाट छपरांची.

शरीर मागे राहते

विमान उतरते, दार उघडते आणि खरी परीक्षा सुरू होते. दीड तासात माणूस सव्वादोन हजार मीटर वर चढलेला असतो. काठमांडूत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे पंचाऐंशी टक्के असतो, ल्हासात तो पासष्ट टक्क्यांच्या आसपास उतरतो. एरवी विमान खाली उतरू लागले की आतला दाब वाढत जातो. इथे उलटे घडते. उडत्या विमानात साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका दाब राखलेला असतो, आणि ल्हासाची जमीन त्याच्याही वर आहे. म्हणजे विमान खाली येत असताना प्रवासी हवेच्या हिशेबाने वरच चढत असतो!

पहिला तास बरा जातो. थंड, निळेशार आकाश, डोळे दिपवणारे ऊन. माणूस उत्साहाने बॅगा उचलतो, जिना चढतो. मग धाप लागते. संध्याकाळी डोके ठणकू लागते, जेवण नकोसे होते, रात्री झोप येत नाही. याला उंचीचा त्रास म्हणतात. तो कोणाला होईल आणि कोणाला नाही, हे आधी सांगता येत नाही. रोज व्यायाम करणारा धडधाकट तरुण आडवा पडतो आणि त्याची साठीची आई आरामात फिरते, असेही घडते. शरीर कमावलेले असले म्हणजे उंची सोसते, हा समज चुकीचा आहे. उलट तरुणांना पहिल्या दिवशी धावपळ करण्याचा मोह होतो आणि त्याची किंमत मोजावी लागते.

बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत ओसरतो. शरीर श्वासाची गती वाढवते, हळूहळू रक्तात तांबड्या पेशी वाढवते आणि नव्या हवेशी जुळवून घेते. पण बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्याबरोबर फेस येत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला असेल, तर तो साधा त्रास नव्हे. फुप्फुसात पाणी साठण्याची किंवा मेंदूला सूज येण्याची ती लक्षणे आहेत. अशा वेळी ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ म्हणणे जिवावर बेतते. प्राणवायू, डॉक्टर आणि लवकरात लवकर खाली उतरणे, हाच उपाय. बरोबरच्या माणसांनीच हे ओळखायचे असते, कारण आजारी माणूस बहुधा ‘मला काही झालेले नाही’ असेच म्हणत असतो.

उंचीचा परिणाम स्वयंपाकघरातही दिसतो. ल्हासात पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळते. उकळते म्हणून फसू नये, त्यात डाळ काही शिजत नाही. प्रेशर कुकर येण्यापूर्वी तिबेटी माणसाने यावर साधा तोडगा काढला होता. सातू आधीच भाजून दळून ठेवायचा आणि लोणी-मीठ घातलेल्या चहात कालवून त्याचे मुटके खायचे. याला ते त्साम्पा म्हणतात. आपल्याकडच्या सातूच्या पिठाचाच हा भाऊ! शिजवायची भानगडच नको.

पावलांनी मोजलेले अंतर

आज कोणीही घरबसल्या सांगेल, काठमांडू ते ल्हासा सहाशे किलोमीटर. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ल्हासा नेमके कुठे आहे, हे नकाशा काढणाऱ्यांना ठाऊक नव्हते. तिबेटची दारे परक्यांना बंद होती. गोऱ्या माणसाला तर सीमेवरूनच परत धाडत. तेव्हा हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याने कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातील मिलम गावच्या एका शाळामास्तरांना हाताशी धरले. त्यांचे नाव नैनसिंह रावत. खात्याच्या कागदांत त्यांचा उल्लेख ‘पंडित’ असा असे.

डेहराडूनला त्यांना एक विलक्षण शिक्षण मिळाले. चढ असो, उतार असो, पाऊल एकाच मापाचे टाकायचे. दोन हजार पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण तिला १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. एक माळ संपली की दहा हजार पावले, म्हणजे पाच मैल. तिबेटी यात्रेकरू फिरवतात त्या प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी टिपणांचे कागद. कवड्यांमध्ये पारा भरून ठेवलेला, आणि पेटीच्या चोरकप्प्यात ताऱ्यांची उंची मोजायचे यंत्र. पाणी किती अंशांना उकळते ते पाहून जागेची उंची काढायची. ज्या कारणाने ल्हासात डाळ शिजत नाही, त्याच कारणाने नैनसिंहांनी ल्हासाची उंची मोजली!

१८६५ च्या मार्चमध्ये ते काठमांडूहून निघाले. पहिल्याच प्रयत्नात केरुंगच्या अधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यांना परत फिरावे लागले. वेश बदलून, नवी सोबत शोधून त्यांनी पुन्हा वाट धरली. पैसे संपले तेव्हा तिबेटातल्या नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेबाची पद्धत शिकवून पोट भरले. ल्हासाला ते पोहोचले १८६६ च्या जानेवारीत. निघाल्यापासून दहा महिने झाले होते. परतेपर्यंत त्यांनी बाराशे मैल पावलांनी मोजले होते, म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख पावले. वाटेत कोणी बोलायला आले की मोजणी चुके. म्हणून ते जप करीत असल्याचे दाखवत आणि लोक श्रद्धेने दूर राहत.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. भारतीय टपाल खात्याने २००४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले. पुढे १९२९ मध्ये राहुल सांकृत्यायन याच वाटेने गेले. राणांच्या नेपाळात भारतीयांना सहज प्रवेश नव्हता, पण महाशिवरात्रीला पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना मुभा असे. त्या गर्दीतून ते आत शिरले आणि भिक्षुकाच्या वेशात ल्हासाला पोहोचले. परतताना त्यांच्याबरोबर बावीस खेचरांवर लादलेले ग्रंथ आणि चित्रे होती.

ल्हासाला गेलेला नवरा

नैनसिंहांना आधार देणारे हे नेपाळी व्यापारी कोण? ते काठमांडू खोऱ्यातले नेवार. शेकडो वर्षे त्यांच्या पेढ्या ल्हासाच्या बाजारपेठेत होत्या. इथून तांब्यापितळेची भांडी, कापड, तांदूळ जायचा. तिथून लोकर, मीठ, कस्तुरी आणि सोन्याची भुकटी यायची. आपल्या देवघरातली चवरी ज्या याकच्या शेपटीची असते, तीही याच वाटेने खाली उतरायची. तिबेटात चालणारी चांदीची नाणीसुद्धा एकेकाळी काठमांडू खोऱ्यातल्या मल्ल राजांच्या टांकसाळीत पडत. पुढे नाण्यांतल्या भेसळीवरून भांडण पेटले आणि १७८८ ते १७९२ या काळात दोन्हीकडची सैन्ये डोंगर ओलांडून एकमेकांवर चालून गेली.

व्यापाऱ्याची फेरी म्हणजे चार दिवसांचे काम नव्हते. जायला कित्येक आठवडे, आणि एकदा गेला की माणूस वर्षानुवर्षे तिकडेच. कित्येकांचा एक संसार काठमांडूत आणि दुसरा ल्हासात असे. मागे राहिलेल्या बायकोला नवरा जिवंत आहे की नाही, हे कळायलाही ऋतू उलटावा लागे. नेपाळचे महाकवी लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांचे ‘मुना मदन’ हे काव्य याच दुःखावर उभे आहे. पैसा कमवायला ल्हासाला गेलेला मदन परतीच्या वाटेवर आजारी पडतो. सोबती त्याला टाकून निघून जातात, एक परका भोटिया त्याला घरी नेऊन बरा करतो. पण तो घरी पोहोचतो तेव्हा मुना या जगात नसते. नेपाळात हे काव्य ठाऊक नसलेला माणूस विरळा. आज लाखो नेपाळी तरुण आखाती देशांत आणि मलेशियात कामाला जातात, तेव्हाही घरच्यांना मदनची आठवण होते. ल्हासाची जागा दुसऱ्या शहरांनी घेतली, वाट पाहणे तेच राहिले.

१९०४ मध्ये इंग्रजांची फौज ल्हासाला जाऊन आली आणि सिक्कीम-कालिम्पोंगचा मार्ग खुला झाला. तेव्हापासून नेवार व्यापारीही आगगाडीने बंगालात येऊन, तिथून खेचरांच्या तांड्यांबरोबर ल्हासाला जाऊ लागले. १९६२ च्या भारत-चीन युद्धाने तीही वाट बंद केली. पेढ्यांना टाळी लागली, माणसे काठमांडूला परतली.

जाणार असाल तर

जमिनीवरून आजही जाता येते. पण विमानाचे सहाशे किलोमीटर रस्त्याने हजाराच्या घरात जातात, आणि वाटेत पाच हजार मीटरहून उंच खिंडी लागतात. वेळ लागतो साधारण आठवडाभर. पूर्वीचा रस्ता कोदारीहून जायचा. त्याच्या नेपाळकडील भागाला अरनिको राजमार्ग म्हणतात. अरनिको हा तेराव्या शतकातला नेवार शिल्पी. १२६० मध्ये तो कारागिरांची तुकडी घेऊन तिबेटला गेला आणि पुढे कुब्लाई खानाच्या दरबारी पोहोचला. बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याच्याच हातचा. एप्रिल २०१५ च्या भूकंपाने हा रस्ता उद्ध्वस्त केला आणि प्रवासी केरुंगच्या वाटेला वळले. जुलै २०२५ मध्ये भोटेकोशीच्या पुराने तिथला सीमेवरचा मैत्री पूलही वाहून नेला. हिमालयातल्या रस्त्याचा भरवसा धरू नये, निघण्यापूर्वी चौकशी करावी.

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पण तिबेटसाठी पासपोर्ट, चीनचा व्हिसा आणि वेगळा तिबेट प्रवास परवाना, हे तिन्ही हवेत. एकट्याने भटकता येत नाही. अधिकृत प्रवासी संस्थेमार्फत, मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते. या कामासाठी काठमांडूत काही दिवस हाताशी ठेवावेत. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात परदेशी प्रवाशांना तिबेट बहुधा बंद असते. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी परवान्याची खात्री करून घ्यावी. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले.

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार, रक्तदाब, गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. उंचीच्या त्रासावरची गोळीही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. पोहोचल्यावर पहिला दिवस फक्त विश्रांतीचा. भरपूर पाणी, हलके जेवण, दारू-सिगारेटला फाटा. पोताला राजवाड्याच्या पायऱ्या तिसऱ्या दिवसापर्यंत थांबतील. १६४५ मध्ये पाचव्या दलाई लामांनी बांधायला घेतलेली ही वास्तू आणखी दोन दिवस कुठे जात नाही!

दोन शहरे, एक प्रदक्षिणा

ल्हासाच्या मध्यभागी जोखांग हे मंदिर आहे. सातव्या शतकात तिबेटचा राजा स्रोङ्‌त्सेन गाम्पो याची राणी होऊन नेपाळची राजकन्या भृकुटी इथे आली, तिच्याबरोबर आलेल्या बुद्धमूर्तीसाठी हे मंदिर उभारले, अशी परंपरा सांगते. मंदिराचे तोंड पश्चिमेला, नेपाळच्या दिशेला आहे. माहेराकडे! भोवतीच्या बारखोर रस्त्यावर पहाटेपासून लोक प्रदक्षिणा घालत असतात. हातात माळ, ओठांवर मंत्र, काही तर दंडवत घालत पुढे सरकत असतात.

इकडे काठमांडूत बौद्धनाथाच्या स्तूपाभोवती संध्याकाळी तेच दृश्य असते. हा स्तूप ल्हासाच्या जुन्या व्यापारी वाटेवरच आहे. डोंगर सुखरूप ओलांडून आलेला व्यापारी इथे थांबून दिवा लावायचा, आणि निघालेला इथेच नवस बोलायचा. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी सीमा ओलांडून बाहेर पडले. त्यांतले बरेच जण या स्तूपाच्या सावलीत स्थिरावले. त्यांची मुले, नातवंडे आज इथे दुकाने चालवतात, लोण्याचा चहा पितात आणि संध्याकाळी वडीलधाऱ्यांचा हात धरून स्तूपाला फेरी घालतात.

त्यांच्या डोक्यावरून ल्हासाचे विमान जाते. परदेशी पाहुणा परवाना मिळवून त्यात बसतो आणि दीड तासात पोहोचतो. इथल्या कित्येक म्हाताऱ्यांना मात्र त्या शहराची वाट बंद आहे. नैनसिंहांना दहा महिने लागले, पण ते पोहोचले तरी. यांचे आयुष्य गेले, आणि अंतर तेवढेच, सहाशे किलोमीटर. बौद्धनाथाची फेरी पुरी झाली की ही म्हातारी माणसे क्षणभर थांबतात, माळेचा मणी पुढे ओढतात आणि पुन्हा चालू लागतात.